चिरिकाहुआत लायकेन गोळा करायचंय? आधी परवान्याचं बघा

गोडा मसाल्यातलं दगडफूल म्हणजे लायकेनच. त्याची भाऊबंदकी ॲरिझोनाच्या आग्नेय कोपऱ्यात, चिरिकाहुआ नॅशनल मॉन्युमेंट या संरक्षित उद्यानाच्या घळींत पाहावी: रायोलाइट या ज्वालामुखीजन्य खडकाच्या सुळक्यांवर पोपटी-पिवळे थर, खाली ओक, जुनिपर आणि सायप्रसच्या सालींवर निराळेच प्रकार. पण परवान्याशिवाय त्यातली खपलीही उचलता येत नाही.

अमेरिकेच्या संघीय नियमसंहितेत शीर्षक ३६, कलम २.५ हा यासाठीचा नियम. हौशी संग्राहकाला परवाना नाही. नामांकित वैज्ञानिक किंवा शैक्षणिक संस्थेचा अथवा सरकारी खात्याचा अधिकृत प्रतिनिधीच पात्र. त्यामुळे तिकडे शिकणाऱ्या आपल्या मुलांनी आधी मार्गदर्शकांशी बोलावं.

अर्ज नॅशनल पार्क सर्व्हिसच्या (राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या) ऑनलाइन संशोधन परवाना प्रणालीतून करायचा. सोबत संशोधन प्रस्ताव लागतो, आणि नमुने कायम ठेवायचे असतील तर ते सांभाळणाऱ्या हर्बेरियमची (वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहालयाची) संमतीही.

खरी मेख प्रस्तावात आहे. तोच नमुना उद्यानाबाहेर सहज मिळत असेल, तर परवाना देता येत नाही. शेजारीच कोरोनाडो राष्ट्रीय वन आहे (त्याचं खातं वेगळं, परवानगीही वेगळी). तेव्हा ‘इथेच का?’ याचं उत्तर नीट लिहा; ‘जैवविविधतेचा अभ्यास’ एवढ्याने भागत नाही. दगडाला घट्ट चिकटलेले लायकेन छिन्नी-हातोडीने दगडाच्या कपचीसकटच काढावे लागतात, म्हणून किती कपच्या, केवढ्या, कुठून, हेही आधीच सांगा. मॉन्युमेंटचा बराचसा भाग १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याखाली (रानाचं मूळ रूप राखणाऱ्या कायद्याखाली) येतो, तेव्हा मोटरवर चालणारी हत्यारं प्रस्तावात नकोतच.

नमुना कागदी पाकिटात ठेवावा. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडून बुरशी धरते. पाकिटावर तारीख, संग्राहकाचं नाव व त्याने नमुन्याला दिलेला क्रमांक, अक्षांश-रेखांश, उंची आणि मुख्य म्हणजे लायकेन कशावर वाढलं होतं ते जागेवरच लिहावं. ‘झाडावर’ नव्हे, कोणत्या झाडाच्या सालीवर, कोणत्या दिशेला. संध्याकाळी तंबूत बसून आठवून लिहिलेल्या नोंदींवर माझा तरी विश्वास नाही.

कायम ठेवलेल्या नमुन्यांना पार्क सर्व्हिसचं लेबल लागतं, राष्ट्रीय सूचीत त्यांची नोंद होते आणि मालकी सरकारचीच राहते. शिवाय दरवर्षी त्याच प्रणालीत अहवाल भरायचा, आणि काही प्रसिद्ध केलंत तर त्याची प्रत उद्यानाच्या अधीक्षकांकडे द्यायची.