‘बल्गार्स्का राबोता’ : बोलण्यातल्या लाजेची आणि अभिमानाची पार्श्वभूमी

काम अर्धवट राहिले किंवा निष्काळजीपणाने उरकले गेले, की बल्गेरियन माणूस ‘बल्गार्स्का राबोता’ म्हणतो. शब्दशः अर्थ ‘बल्गेरियन काम’. रोख मात्र ‘आपल्याकडे हे असेच चालायचे’ या वैतागाचा.

लाज आणि अभिमान यांची ही गाठ जुनी आहे. अठराव्या शतकात राज्य ऑटोमन तुर्कांचे होते आणि चर्चमध्ये वर्चस्व ग्रीकांचे, त्यामुळे चार अक्षरे शिकलेला बल्गेरियन स्वतःला ग्रीक म्हणवून घेण्यात प्रतिष्ठा मानू लागला होता. अथोस पर्वतावरील पाइसी हिलेंदार्स्की या साधूने १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या इतिहासग्रंथात त्यालाच विचारले आहे, की मूर्खा, स्वतःला बल्गेरियन म्हणवून घ्यायची तुला लाज का वाटते? ग्रंथ १८४४ मध्ये छापला जाईपर्यंत हस्तलिखित प्रतींतून फिरत राहिला. राष्ट्रजागृतीचा आरंभ असा स्तुतीने नव्हे, तर वडीलधाऱ्याने कान उपटावा तसा झाला.

१८७८ मध्ये स्वायत्त राज्य मिळाले आणि आता लाज युरोपपुढे वाटू लागली. आलेको कोन्स्तान्तिनोव यांच्या १८९५ च्या पुस्तकातील बाय गान्यो हा गुलाबाचे तेल विकत युरोपभर हिंडणारा धटिंगण आणि फुकट्या व्यापारी. पुस्तकाच्या आरंभीच तो तुर्की घोंगता टाकून बेल्जियन झगा पांघरतो आणि सगळे त्याला पुरता युरोपीय ठरवतात. ‘बाय’ हे मात्र वयाने मोठ्या पुरुषाला लावायचे घरगुती संबोधन आहे. म्हणूनच असेल, लोकांच्या विनोदांत हाच गान्यो इंग्रजाला आणि फ्रेंचाला हमखास चकवतो.

ऑटोमन राजवटीला आजही सर्रास ‘तुर्स्को रोब्स्त्वो’, म्हणजे तुर्की गुलामगिरी, म्हणतात. स्वातंत्र्योत्तर काळात लेखनातून पुष्कळ तुर्की शब्द हटले, पण मनातले बोलताना ‘केफ’, ‘हातर’, ‘कुसुर’ हेच ओठांवर येतात. मराठी वाचकाला त्यांत कैफ, खातर आणि कसूर सहज ओळखू येतील; अरबी मुळाचे हे शब्द तिकडे तुर्कीतून गेले, इकडे फारसीतून आले.

हा उपरोध नेहमीच निरुपद्रवी नसतो. १९८४-८५ मध्ये कम्युनिस्ट सरकारने तुर्की अल्पसंख्याकांची नावे सक्तीने बदलली आणि १९८९ च्या उन्हाळ्यात त्यांच्यापैकी तीन लाखांहून अधिक लोक घरदार सोडून तुर्कस्तानात गेले. कागदोपत्री ते पर्यटक होते, म्हणून त्या स्थलांतराचे नाव लोकांच्या तोंडी ‘मोठी सहल’ असे पडले. २०१२ मध्ये संसदेने त्या सक्तीचा निषेध केला. स्थलांतराचे नाव मात्र तेच राहिले.