नेलेल्या शिरेचा साचा

सोने खडकात बहुधा गारगोटीच्या शिरेत सापडते. खोल भूगर्भातून वर चढणारे तापलेले, खनिजांनी भरलेले पाणी भेगेत शिरते. दाब उतरतो, पाणी निवते आणि भेगेत गारगोटी व तिच्यासोबत थोडे सोने साचते. खाणकामगार या शिरेच्या मागे जातात. ती रुंदावली तिथे त्यांनी दालन पोखरले, निमुळती झाली तिथे अंग चोरून पुढे सरकले, भ्रंशाने, म्हणजे खडकाचे थर सरकल्याने, तुटली तिथे तिचा शोध घेत आडवे बोगदे काढले. म्हणून बंद पडलेल्या खाणीतली पोकळी हा आता जागेवर नसलेल्या शिरेचा साचाच असतो. सोन्याच्या जुन्या खाणींची मोजणी करण्यात मला मोल वाटते ते याचसाठी. उरलेले सोने शोधणे हा निराळा उद्योग आहे.

उपग्रहांचे संकेत खडकातून आत येत नाहीत, त्यामुळे जीपीएस बोगद्याच्या तोंडाशीच संपते. तिथे एक बिंदू पक्का करायचा, त्यावरून पुढच्या बिंदूचे अंतर, दिशा आणि चढउतार मोजायचा, मग त्याच्यावरून पुढचा. लेसरमुळे अंतर बिनचूक येते. घोळ होतो दिशेत. ट्रॉलीचे गंजलेले रूळ आणि लोखंडी पाइप होकायंत्राची सुई ओढून घेतात. म्हणून दिशा पुढून आणि मागून अशी दोनदा वाचतात आणि जमेल तिथे दुसऱ्या वाटेने फिरून पहिल्या बिंदूवर परत येतात. कागदावर तो बिंदू जितका सरकलेला निघेल, तितकी मोजणी चुकलेली. हातात धरून चालायचे लायडार यंत्र लेसरच्या झोताने सेकंदाला लाखो बिंदू टिपते आणि दालनाचा त्रिमितीय आकार उभा करते, पण चूक साठत जाण्यातून त्याचीही सुटका नाही.

आकार यंत्र टिपते. भिंती मात्र माणसालाच वाचाव्या लागतात. गुळगुळीत, कमानीसारखी वळलेली भिंत अनेकदा आगीने फोडलेली असते: खडकालगत लाकडे पेटवली की तो तापून तडकतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. आखूड, समांतर ओरखडे म्हणजे छिन्नी-हातोडा. भोकाची अर्धी नळी भिंतीत राहिलेली दिसली की इथे सुरुंग लावला होता हे कळते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्बाइडचे दिवे आले. कार्बाइडवर पाण्याचे थेंब पडले की ॲसिटिलीन वायू निघतो आणि तेजस्वी ज्योत मिळते. तिच्या काजळीने कामगार खडकावर नाव आणि तारीख लिहून ठेवत. अशी तारीख खरी असेल तर खोदकाम तिथवर त्या दिवसाआधीच पोचले होते. तिचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावा आणि अक्षरांना बोटही लावू नये. आतला गंजका डबा आठवण म्हणून उचलून नेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. डबा कुठे पडला होता हीच त्याची खरी माहिती, आणि ती उचलताक्षणी पुसली जाते.

खाणीत काय काय टिकते हे रोमानियातल्या रोशिया मोंतानाने दाखवले. तिथले रोमनांनी खोदलेले बोगदे काटछेदात समलंब चौकोनी आहेत. त्या खाणींत मेणाचा थर दिलेल्या लाकडी पाट्या सापडल्या, इ.स. 131 ते 167 या काळातल्या. 164 सालच्या एका पाटीवर मजुराचा करार आहे: 70 देनारियस (रोमन चांदीची नाणी) आणि जेवण, खाणीत पाणी भरून काम अडले तर त्या प्रमाणात मजुरी कापली जाईल. एवढ्या बारीक अटी आपल्यापर्यंत पोचल्या, कारण त्या काळोखात शतकानुशतके कुणी हात घातला नाही. 2021 साली ही जागा जागतिक वारसा यादीत आली.

आत जाणाऱ्याला छत कोसळण्याची भीती वाटते, पण हवा त्याहून फसवी असते. सोन्याच्या शिरेत बहुधा पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज, असते. ते ओलाव्यात प्राणवायू शोषून गंधकाचे आम्ल तयार करते, म्हणून अशा खाणीतून वाहणारे पाणी पुष्कळदा नारिंगी दिसते. कुजणारे लाकडी टेकूही प्राणवायू खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. हवेतला प्राणवायू एरवी 20.9 टक्के असतो. तो 10 टक्क्यांच्या आसपास उतरला की माणूस बेशुद्ध पडू शकतो, आणि आधी गुदमरल्यासारखे वाटेलच असे नाही. साचलेल्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड विरघळलेला असतो, पाय पडून पाणी ढवळले की तो उसळतो. त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास इशारा देईल हा भरवसाही चुकीचा, कारण जास्त प्रमाणात हा वायू वास घेण्याची शक्तीच मारतो. शिवाय खाण श्वास घेते: बाहेरचा वायुदाब उतरला की आतली जुनी हवा तोंडाकडे येते. सकाळी सुरक्षित असलेला बोगदा दुपारी प्राणघातक ठरू शकतो. वायुमापक सतत चालू ठेवणे, एकट्याने न जाणे आणि जागेच्या मालकाची परवानगी असणे, यांत तडजोड करता येत नाही. जुन्या डायनामाइटमधून नायट्रोग्लिसरीन पाझरते. कांड्या दिसल्या तर तसेच मागे फिरून अधिकाऱ्यांना कळवावे.

नकाशा चुकला तर काय होते याचे उदाहरण कोळशाच्या खाणीतले आहे. जुलै 2002 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, क्वीक्रीक खाणीत काम करणाऱ्यांनी शेजारच्या सोडून दिलेल्या खाणीची भिंत फोडली. त्यांच्याकडच्या नकाशात ती खाण बरीच लांब होती. तिच्यात साचलेले कोट्यवधी लिटर पाणी आत घुसले आणि 9 जण तीन दिवसांहून अधिक काळ अडकून पडले. सगळे जिवंत बाहेर आले, पण त्यासाठी वरून खडकात भोक पाडून त्यांना हवा पुरवावी लागली.

धोकादायक खाणींची तोंडे दगडमातीने किंवा काँक्रीटने बुजवतात. त्यानंतर लायडारचे बिंदू, फोटो आणि वहीतल्या नोंदी यांखेरीज त्या शिरेचे काही उरत नाही. वटवाघळे राहत असतील तिथे मात्र पोलादी गजांचे आडवे फाटक बसवतात, आणि ते बसवताना त्यांच्या शीतनिद्रेचा काळ टाळतात. अवेळी जागे झालेले वटवाघूळ हिवाळ्यासाठी साठवलेली चरबी जाळून बसते. गजांमधून हवा आणि वटवाघळे ये-जा करतात, आणि कुलूप उघडून पुढच्या मोजणीदारालाही आत शिरता येते.