पाचवा उपग्रह कशासाठी?

विमान कुठे आहे हे काढायला जीपीएससारख्या दिशादर्शक प्रणालीचे चार उपग्रह पुरतात. अक्षांश, रेखांश, उंची आणि रिसीव्हरच्या घड्याळातली चूक अशी चार अज्ञातं, त्यांना चार समीकरणं. पण त्या चारांपैकी एखादा उपग्रह चुकीचा संकेत पाठवत असला, तरी गणित सुटतंच. उत्तर चुकतं आणि चुकलंय हे कळायला काहीच मार्ग नसतो. पाचवा उपग्रह दिसत असेल तर आकडे एकमेकांशी जुळेनासे होतात आणि गडबड लक्षात येते. सहावा असेल तर नेमका कोण बिघडलाय तेही शोधून त्याला वगळता येतं. विमानातला रिसीव्हर ही तपासणी उड्डाणभर करत राहतो. तिला 'रेम' म्हणतात.

म्हणूनच जीपीएसच्या जोडीला युरोपचं गॅलिलिओ, रशियाचं ग्लोनास, चीनचं बैदू घेण्याचा खटाटोप. जागा थोडी जास्त अचूक कळते हा त्यातला छोटा फायदा. मोठा फायदा विश्वासार्हतेचा. प्रत्येक प्रणालीचं घड्याळ वेगळं चालतं, त्यामुळे दुसरी प्रणाली जोडली की वेळेतल्या फरकाचं एक अज्ञात वाढतं आणि त्यासाठी एक उपग्रह खर्ची पडतो. तरीही आकाशात दिसणारे उपग्रह जवळपास दुप्पट होत असतील, तर हा सौदा परवडतो.

आणि कधी कधी अख्खी प्रणालीच दगा देते. एप्रिल 2014 मध्ये ग्लोनासच्या उपग्रहांनी स्वतःच्या कक्षेची चुकीची माहिती कित्येक तास प्रसारित केली. जुलै 2019 मध्ये गॅलिलिओची सेवा जवळपास आठवडाभर बंद होती. एकाच प्रणालीचे सगळे उपग्रह एकदम चुकले, तर त्यांची आपापसातली तपासणी काय कामाची? तिथे वेगळ्या नियंत्रण केंद्रावरून चालणारी दुसरी प्रणालीच हवी.

भारताला हे जास्तच लागू पडतं. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचं विषुववृत्त, आपल्या दक्षिण टोकावरून जातं. केरळातल्या थुंब्याला रॉकेट केंद्र उभारलं ते त्यासाठीच. या पट्ट्यातला आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, फार चंचल असतो. तो संकेताला उशीर लावतो, आणि सूर्यास्तानंतर त्यात तयार होणारे विरळ फुगे संकेत इतका थरथरवतात की रिसीव्हरची पकड सुटते. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची 'गगन' प्रणाली जमिनीवरच्या 15 केंद्रांतून जीपीएसच्या चुका मोजते आणि दुरुस्त्या भूस्थिर उपग्रहांमार्फत विमानांना पाठवते. एप्रिल 2022 मध्ये राजस्थानातल्या किशनगढला एक एटीआर प्रवासी विमान तिच्या आधाराने उतरलं. पण ही सेवा एकाच वारंवारितेवर चालते. आयनांबरामुळे होणारा उशीर वारंवारितेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे जीपीएसच्याच दुसऱ्या, 1176.45 मेगाहर्ट्झच्या संकेताला तो नेहमीच्या 1575.42 च्या जवळपास पावणेदोन पट होतो. दोन्ही संकेत ऐकणारा रिसीव्हर या फरकावरून उशीर स्वतःच काढतो. फुग्यांमुळे दोन-तीन उपग्रह हरवले, तरी दुसऱ्या प्रणालीचे हाताशी असतात. माझ्या मते आपल्या विमानांसाठी पुढचा प्रयत्न इथेच व्हायला हवा: दोन वारंवारिता, अनेक प्रणाली.

एक दुखणं मात्र यानेही जात नाही. जीपीएस आणि गॅलिलिओ दोघंही 1575.42 आणि 1176.45 मेगाहर्ट्झ या त्याच वारंवारितांवर बोलतात, आणि वीस हजार किलोमीटरहून जास्त दुरून आलेला त्यांचा आवाज अतिशय क्षीण असतो. जमिनीवरून कोणी त्याच पट्ट्यांत गोंगाट केला, तर दोन्ही एकदमच बुडतात. पश्चिम आशियाच्या आकाशात हे वारंवार घडलं आहे. त्यामुळे विमानातली जडत्वावर चालणारी दिशादर्शक यंत्रणा आणि जमिनीवरचे डीएमई (अंतर सांगणारी यंत्रणा), आयएलएस (उतरताना वाट दाखवणारी यंत्रणा) मोडीत काढून चालणार नाही.