‘मला आवडले’ आणि ‘हे सुंदर आहे’

शिल्पाची उंची पाहणाऱ्याच्या मनावर अवलंबून नसते आणि सौंदर्य त्या उंचीसारखे मोजता येत नाही, इथपर्यंत कुणाचाच वाद नाही. (सुवर्ण गुणोत्तराचे, म्हणजे आदर्श मानल्या गेलेल्या प्रमाणाचे, १.६१८ पुढे करून सौंदर्य सिद्ध झाल्याचे सांगणारे सोडले तर; गुणोत्तर मोजता येते, पण ते सुंदर का, हे त्या आकड्यातून निघत नाही.) घोटाळा पुढच्या पायरीवर होतो. मोजता येत नाही, म्हणजे सौंदर्य ही ज्याच्या त्याच्या आवडीची बाब, असे म्हणून चर्चा मिटवली जाते, आणि या मिटवण्याला लोक उदारपणा समजतात, याचा मला मनस्वी कंटाळा आला आहे.

जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९० मध्येच हा गुंता सोडवला होता. मद्य रुचकर आहे असे म्हणणाऱ्याला ‘तुला रुचकर लागते असे म्हण’ म्हणून सुधारले, तर तो ते मुकाट्याने मान्य करतो. मात्र एखादी कविता ‘माझ्यापुरती सुंदर आहे’ असे म्हणणे कांटला हास्यास्पद वाटते. सौंदर्यविधानाचा, म्हणजे ‘हे सुंदर आहे’ या म्हणण्याचा, आधार सुखाच्या अनुभवात असल्यामुळे ते व्यक्तिनिष्ठच असते, तरीही ते करणारा सर्वांच्या संमतीची अपेक्षा धरतो. ही अपेक्षा म्हणजे बहुमताचे भाकीत नव्हे: शंभर जणांनी नाक मुरडले तरी विधान खोटे ठरत नाही, आणि शंभर जणांनी माना डोलावल्या तरी ते खरे ठरत नाही. आवडीपुढे ‘का?’ हा प्रश्न थांबतो. सौंदर्यविधानापुढे तो सुरू होतो, आणि उत्तर देणाऱ्याला त्या ओळीकडे, त्या रंगाकडे बोट दाखवावे लागते.

काहींची रुची इतरांपेक्षा खरोखरच सूक्ष्म असते, हे दाखवायला स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने १७५७ मध्ये ‘डॉन किहोते’ या स्पॅनिश कादंबरीतली एक गोष्ट वापरली होती. पिंपातल्या मद्याला एकाला चामड्याची, दुसऱ्याला लोखंडाची चव लागते. लोक हसतात, आणि पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामडी वादी बांधलेली किल्ली सापडते. दाखला सुरेख आहे, पण मला कांट अधिक पटतो, कारण कलाकृतीत अशी वाद मिटवणारी किल्ली कुणाच्या हाती लागत नाही.

कलाकृती सुंदर आहे का यासारखाच ती खरी आहे का, हाही प्रश्न विचारला जातो; त्या सत्याबाबतचा गोंधळ त्यामानाने किरकोळ आहे. ऐतिहासिक नाटकातली सनावळी चुकली, तर ती चूक दाखवायला रसिकता लागत नाही. पात्राचे वागणे खरे वाटते का, हा प्रश्न मात्र सौंदर्यविधानाच्याच जातीचा आहे आणि त्यासाठी संहिता पुन्हा उघडावी लागते.