‘वयाच्या मानाने तब्येत कशी आहे?’: एका प्रश्नाची पार्श्वभूमी

1971 साली कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, आपापल्या घरी राहणाऱ्या 3,128 ज्येष्ठांना विचारलं गेलं : तुमच्या वयाच्या मानाने तुमची तब्येत कशी आहे? प्रांतात सार्वजनिक आरोग्यविमा होता, त्यामुळे कोण किती वेळा डॉक्टरांकडे गेलं, कोण कशासाठी ॲडमिट झालं, याच्या नोंदी आधीपासूनच होत्या. जाना मॉसी आणि एव्हलिन शापिरो यांनी ती उत्तरं, त्या नोंदी आणि 1977पर्यंतचे मृत्यू एकमेकांशी ताडून पाहिले.

1982मध्ये निष्कर्ष छापून आले. ‘उत्तम’ म्हणणाऱ्यांच्या तुलनेत ‘वाईट’ म्हणणाऱ्यांना मृत्यूचा धोका जवळपास तिप्पट होता. आणि हे वय, उत्पन्न, स्त्री की पुरुष, शिवाय नोंदींतले आजार, सगळं हिशेबात धरल्यानंतर. नोंदींनुसार प्रकृती वाईट असण्यापेक्षा माणसाने स्वतःच ती वाईट म्हणणं जास्त धोक्याचं निघालं. मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

कारण तोवर संशोधक उलटं विचारत होते : म्हाताऱ्या माणसाच्या सांगण्यावर कितपत विसंबायचं? त्याचं उत्तर डॉक्टरांच्या तपासणीशी जुळलं तर खरं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जॉर्ज मॅडॉक्स यांनी ज्येष्ठांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यांना मात्र 1973मध्ये दिसलं, की माणसाच्या आजच्या उत्तरावरून डॉक्टरांचं पुढचं मत जितकं कळतं, तितकं डॉक्टरांच्या मतावरून त्याचं पुढचं उत्तर कळत नाही.

पुढे अभ्यास वाढत गेले. एलन आयडलर आणि याएल बेन्यामिनी यांनी 1997मध्ये असे 27 अभ्यास एकत्र तपासले. बहुतेकांत उत्तर आणि मृत्यू यांच्यातला हा संबंध टिकून होता. कारणांवर अजून वाद आहे. डॉक्टर एका दिवसाची प्रकृती पाहतात, माणूस मात्र गेल्या वर्षीच्या स्वतःशी तुलना करतो. जिना चढताना लागलेली धाप, उतरलेली भूक, न आलेली झोप कुठल्याच फायलीत नसते.

हा प्रश्न आपल्याकडेही आला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरने वढू परिसरातल्या गावांत 2007मध्ये पन्नाशीपुढच्या पाच हजारांहून अधिक लोकांना तो विचारला आणि पुढची तीनेक वर्षं मृत्यूंची नोंद ठेवली. इथेही तब्येत वाईट सांगणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं.

मात्र उत्तरांची तुलना जपून करायला हवी. अमर्त्य सेन यांनी 2002मध्ये दाखवून दिलं होतं, की बिहारपेक्षा कितीतरी अधिक आयुर्मान असलेल्या केरळात लोक आजाराच्या तक्रारी जास्त सांगतात. शिक्षण आणि दवाखाने असले की दुखणं ओळखताही येतं. बायकाही बहुतेक देशांत स्वतःची प्रकृती पुरुषांपेक्षा वाईट सांगतात आणि जगतात मात्र जास्त. आपल्याकडे ‘चाललंय’ म्हणणाऱ्या आजीचं उत्तर कुठल्या रकान्यात टाकायचं, हे सर्वेक्षकाला तिच्यासमोर बसूनच ठरवावं लागतं.