आपणहून मांडणी बदलणारे तपासणी कार्ड : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अंधेरीच्या एमआयडीसीतील आमच्या कार्यशाळेत तयार होणारे कॅमेरा-तपासणी कार्ड (कॅमेऱ्याच्या साहाय्याने पॅकिंग तपासणारा सर्किट बोर्ड) औषधांच्या पॅकिंग लाइनवर बसवताना ग्राहक हमखास विचारतात, की हे कार्ड आपणहून बदलते म्हणजे नेमके काय बदलते, आणि आमच्या नकळत ते भलतेच काही करून बसणार नाही ना. हा प्रश्न रास्त आहे.

साध्या चिपमधील सर्किट एकदा घडले की कायमचे. आमच्या कार्डावरील एफपीजीए (तयार झाल्यावरही सर्किट बदलता येणाऱ्या) चिपमध्ये मात्र लहान लॉजिक ब्लॉक आणि त्यांना जोडणाऱ्या तारांचे जाळे असते; कोणता ब्लॉक काय करील आणि कोणाशी जोडला जाईल, हे चिपमधील मेमरीचे बिट (० किंवा १) ठरवतात; यालाच आम्ही मांडणी म्हणतो. झायलिंक्स या अमेरिकी कंपनीने १९८५ साली आणलेल्या एक्ससी२०६४ या चिपमध्ये असे ६४ ब्लॉक होते. आमच्या कार्डावरील चिपची ही मेमरी वीज जाताच पुसली जाते आणि वीज आली की शेजारच्या फ्लॅश मेमरीतून पुन्हा भरली जाते.

लाइनवर स्ट्रिपऐवजी बाटल्या आल्या, की कार्ड बारकोडवरून ते ओळखते आणि चिपचा तपासणी करणारा तेवढाच भाग नव्याने भरते; कन्व्हेयरचे नियंत्रण करणारा उरलेला भाग त्या वेळीही चालूच राहतो. याशिवाय ते आपली मेमरी सतत वाचून पाहते आणि एखादा बिट उलटला असल्यास तो दुरुस्त करते.

चिपने स्वतःच नवे सर्किट शोधून काढण्याचे प्रयोगही झाले आहेत. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात एड्रियन थॉम्प्सन यांनी १९९६च्या सुमारास उत्क्रांतीच्या पद्धतीने (अनेक सर्किटांतून चांगली निवडून, त्यांत बदल करत), चिपच्या अवघ्या १०० पेशींत, म्हणजे लॉजिक ब्लॉकांत, १ आणि १० किलोहर्ट्झचे स्वर वेगळे ओळखणारे सर्किट मिळवले. ते विलक्षण होते. परंतु तापमान बदलले की ते बिघडे, आणि ज्या पेशी जोडलेल्याच नव्हत्या, त्यांतील काही काढून टाकल्या तरी त्याचे काम ढासळे. मे महिन्यातल्या मुंबईतील पत्र्याच्या शेडखाली अशा सर्किटावर औषधांची तपासणी सोपवणे आम्हाला मान्य नाही. म्हणून आमचे कार्ड केवळ आम्ही तपासून दिलेल्या मांडण्यांतूनच निवड करते आणि प्रत्येक बदलाची वेळेसह नोंद ठेवते. ती नोंद आपल्या गुणवत्ता विभागाला ऑडिटच्या वेळी दाखवता येते.

भरलेली मांडणी पडताळणीत चुकीची आढळल्यास कार्ड मूळ, सुरक्षित मांडणीवर परतते, पिवळा दिवा लावते आणि लाइन थांबवते, कारण न तपासलेली एक स्ट्रिप पुढे जाण्यापेक्षा लाइन तासभर थांबलेली बरी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पिवळा दिवा दिसल्यास कृपया पॅनेलची वीज बंद-चालू करू नये. तसे केल्यास चिपमधील मेमरी पुसली जाते आणि दोष कुठे होता, याचा माग आमच्या तंत्रज्ञाला लागत नाही.