डोळे गेले म्हणून पेस्टल?

फ्रेंच चित्रकार एडगर देगासबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे: म्हातारपणी दृष्टी गेली, तैलरंग जमेनात, म्हणून तो पेस्टलकडे, म्हणजे रंगाच्या कोरड्या कांड्यांकडे, वळला. ऐकायला हृदयस्पर्शी, पण तारखा जुळत नाहीत.

डोळ्यांचा त्रास खराच होता. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात नॅशनल गार्ड या नागरिकांच्या सैन्यदलात असताना त्याला तो जाणवला आणि पुढे वाढतच गेला. पण पेस्टल काही त्याने म्हातारपणी धरलं नाही. रंगमंचावरच्या एकट्या नर्तिकेचं ‘लेत्वाल’ हे चित्र मोनोटाइपच्या (पत्र्यावर रंगवून कागदावर उमटवलेल्या) छापावर पेस्टल चढवून केलेलं आहे आणि १८७७ च्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या प्रदर्शनात ते होतं. तेव्हा तो ४३ वर्षांचाही नव्हता. १८८६ ला त्याने मांडलेल्या स्नानमग्न स्त्रियाही पेस्टलमध्येच.

आणि पेस्टल म्हणजे शाळेतला खडू नव्हे. त्यात रंगद्रव्य भरपूर, बंधक (रंग धरून ठेवणारा पदार्थ) जेमतेम. देगास एक थर देई, त्यावर फिक्सेटिव्ह (रंग पक्का करणारा द्रव) मारी, मग पुढचा थर. कधी वाफ देऊन रंगाची लगदी करून ती ब्रशने फिरवी. ज्याला धड दिसत नाही त्याने सोयीसाठी निवडावं असं हे काम आहे का?

उतारवयात रेषा जाड झाल्या, रंग भडकले. त्यात डोळ्यांचा वाटा असणार, हे मान्य. साधारण १९०५ चं मादाम रुआर आणि तिच्या मुलांचं पेस्टल पाहा. १९१२ मध्ये राहतं घर सोडावं लागलं, त्यानंतर काम जवळजवळ थांबलंच. १९१७ मध्ये तो गेला.